डाव्या हाताची गाठ

पहाटे चारला अकबरीचा दिवस सुरू व्हायचा. तिला गजर लागत नसे. उठायची, तवा ठेवायची, भाकऱ्या थापायला घ्यायची. अजान होईपर्यंत शेवटची भाकरी फुगलेली असायची. नमाज उरकली की डब्यात भाकरी नि शेंगाची चटणी घालून नई जिंदगी वस्तीतून अक्कलकोट रोडच्या कारखान्याकडे चालत निघायची. धडधाकट पाय असताना रिक्षात बसणं तिला पटत नव्हतं.

कारखाना चादरींचा. अकबरीचं काम कांडी भरण्याचं. मागावर आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यात जी कांडी बसते तिच्यावर आधी सूत भरून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे माग चालतो. म्हणून कांडीवाल्या बाया विणकरांच्या आधी यायच्या आणि अकबरी बायांच्या आधी. कांडी सैल भरली तर मागावर सूत तुटतं नि विणकर शिव्या घालतो. अकबरीच्या कांडीला शिवी बसल्याचं शेडमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

याच शेडमध्ये तिचा नवरा हमजा जॉबर होता. माग बिघडला की हाक जॉबरला. मागाला एक दांडा असतो, दांड्याला दोरीने चामड्याचा पट्टा बांधलेला असतो. तो पट्टा धोट्याला फटका मारतो आणि धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो. पट्ट्याची गाठ सुटली तर धोटा वाट सोडून उडतो. त्याच्या टोकाला लोखंड असतं. समोर कोण उभा आहे हे तो बघत नाही.

हमजा डावखुरा होता. त्याची गाठ उलट्या अंगाने वळायची. उरलेली दोरी तो कात्रीने कापायचा नाही, दाताने तोडायचा. शेडमध्ये कुणीही लांबून सांगायचं, ही हमजाची गाठ. ती कधी सुटली नाही.

सुटली ती इसूफची. इसूफ हमजाच्या हाताखाली होता. हात चालायचा कमी, डोळा वरच्या जागेवर जास्त. एका सकाळी हमजा शेडच्या पार टोकाला काम करत होता तेव्हा इसूफने सिद्धू विणकराच्या मागाचा पट्टा बांधला, घाईत, वरवर. दुपारी गाठ सुटली. धोटा उडाला आणि सिद्धूचा उजवा खांदा मोडला. लोक सिद्धूला उचलत होते तेवढ्यात इसूफने तो पट्टा बॉयलरच्या जाळात टाकला आणि शेठला जाऊन सांगितलं, गाठ हमजाभाईंची होती. वर हेही सांगितलं की हल्ली त्यांचं लक्ष नसतं. शेठने चौकशी केली नाही. हमजाला घरी बसवलं आणि इसूफला जॉबर केलं.

हमजा ओरडणारा माणूस नव्हता. "अकबरी, ती गाठ माझी नव्हती," एवढंच म्हणायचा. जेवताना म्हणायचा, झोपताना म्हणायचा, कुणी न विचारता म्हणायचा. दुसऱ्या कारखान्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. सोलापुरात बदनामीचा रंग सुताच्या रंगापेक्षा लवकर चढतो. पुढच्या रमजानच्या आधी हमजा गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली. अकबरीच्या हिशोबी त्या कळीचं नाव इसूफ होतं.

तिला एकच पाहिजे होतं. इसूफने शेडमध्ये, मागांच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं: ती गाठ माझी होती. त्यासाठी ती त्या कारखान्यात टिकून राहिली. लोक म्हणायचे, बिचारी पोटासाठी येते. पोटासाठी तर येतच होती.

रविवार तिला खायला उठायचा. लग्नाआधी ती बारावी झालेली होती. एका रविवारी ती मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर गेली. खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, इंग्रजी साहित्य नका घेऊ. तुम्हाला जड जाईल." अकबरीने तेच घेतलं.

शिकवायला श्रावणी मॅडम होत्या, वयाने अकबरीच्या पोटच्या पोरीएवढ्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: महत्त्वाकांक्षा, सूड, अद्भुत. म्हणाल्या, "जुन्या इंग्रजी नाटकांत ही तिघं बहुतेक एकाच घरात राहतात. एकाला वर चढायचं असतं, म्हणून तो दुसऱ्याला खाली ढकलतो. ढकललेला मरतो. पण जात नाही."

अकबरीने पेन खाली ठेवलं आणि ऐकू लागली.

अभ्यासाला एक नाटक होतं. एक खलाशी आपल्या कप्तानावर खोटा आळ घेतो. कप्तानाला समुद्रात फेकून देतात आणि खलाशी कप्तान होतो. बुडालेला परत येतो, पण दिसत नाही, बोलत नाही. त्याचे ओले हातमोजे मात्र रोज सकाळी जहाजावर नव्या जागी सापडतात. रोज. शेवटी नवा कप्तान आपल्याच तोंडाने सगळं ओकतो.

"आता प्रश्न असा," मॅडम म्हणाल्या, "की भूत खरं आहे, की त्याच्या मनात आहे?"

पुढच्या बाकावरचा बँकेतला माणूस म्हणाला, "मनात."

"मग हातमोजे ठेवले कुणी?" अकबरीने मागून विचारलं.

"ते नाटकात सांगितलेलं नाही, अकबरीताई."

"ठेवणाऱ्याला पहाटे उठावं लागलं असेल."

वर्ग हसला. अकबरी हसली नाही.

एक पान वाचायला तिची अख्खी दुपार जायची. डिक्शनरीत बोट घालून एकेक शब्द उपसायचा. समजल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा तिचा नियम. पण त्या नाटकापेक्षा अवघड अभ्यास तिने घरात मांडला होता. खाटेच्या पायाला दोरी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. हमजासाठी पट्ट्याच्या दोऱ्या तीच वळून द्यायची, त्यामुळे गाठ कशी पडते ते तिने हजारदा बघितलं होतं. बघणं वेगळं. उजव्या हाताच्या बाईने डावखुऱ्याची गाठ मारायची म्हणजे चालणं पुन्हा शिकल्यासारखं. डावा अंगठा सुजला. हळद बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. दोरी तोडून दात हुळहुळले. पावसाळा सरला तेव्हा गाठ अशी बसली की खाट उचलून आपटली तरी हलेना. हमजा असता तर अजून एकदा ओढून बघितली असती. तिनेही बघितली. मग पुरे म्हणाली.

दुसऱ्या सकाळी वॉचमनने दार उघडलं तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. सिद्धूच्या मागाचा पट्टा सैल झालेला तिने आदल्या दिवशी हेरला होता. तिने तो सोडला, बांधला, दोरी दाताने तोडली आणि कांड्या भरायला जाऊन बसली.

सिद्धू आला, मागापाशी वाकला आणि तसाच राहिला.

"भाभी! हिकडं या जरा."

"काय झालं?"

"ही गाठ बगा. कुनाची हाय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हमजाभाईची की! डाव्या अंगाची. टोक बगा, दातानं चावून तोडलंय."

"सिद्धू, माणूस मातीत गेलाय माझा."

"म्हनून तर अंगावर काटा आला न्हवं."

इसूफ आला. म्हणाला, "कोण तरी मस्करी करतंय." गाठ सोडायला त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. तो मागे आलेला हात अकबरीने कांडीवरून मान न उचलता बघितला. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

मग रोज एक गाठ. कधी या मागावर, कधी त्या. जिथे पट्टा ढिला दिसेल तिथे. शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. कुणी ऊद लावला, कुणी पट्ट्याला फूल खोवलं. इसूफ एकटा शेडच्या मागच्या बाजूला जाईना. अकबरीला वाटलं, आता हा ओकणार.

पण झालं भलतंच.

तिची चूक साधी होती आणि तिच्यासारख्या माणसाकडूनच व्हायची. तिच्या हातून वाईट काम होत नव्हतं. गाठ हमजाची म्हणजे ती पक्कीच पाहिजे. तिने बांधलेले माग बिघडेनात. चादरी जास्त निघायला लागल्या. शेठ शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "इसूफ, माग काय पळतायत! जॉबर असावा तर असा." इसूफने मान खाली घालून हसून घेतलं. आठवड्याभरात त्याची भीती ओसरली. पट्टे तपासायचं त्याने सोडूनच दिलं. अत्तर लावून उशिरा यायला लागला. राबत होतं भूत आणि शाबासकी खात होता इसूफ.

त्याहून वाईट सिद्धू बोलला. जेवणाच्या सुट्टीत बायांना सांगत होता, "जीव अडकलाय बिचाऱ्याचा. माजा खांदा मोडला न्हवं त्येच्या हातनं? त्ये फेडतोय आता. मी तर माफ करून टाकलं बगा हमजाभाईला."

अकबरीने डबा झाकला. हमजा बांधायला येतो म्हणजे गुन्हा हमजाचाच, असं शेडने ठरवून टाकलं होतं. तिने घाम गाळून नवऱ्यावरचा आळ पक्का केला होता.

दुसऱ्या पहाटे तिने मुद्दाम सैल गाठ मारायचं ठरवलं. सिद्धूच्याच मागाशी उभी राहिली. दोरी वळवली, ढिली ठेवली. हात बाजूला होईना. या मागापुढे सिद्धू उभा राहणार. तिने स्वतःला शिवी हासडली, गाठ सोडली आणि घट्ट बांधली.

रविवारी तिने वर्गात विचारलं, "मॅडम, भुताचं करणं लोकांना उलटंच कळलं तर?"

"छान प्रश्न आहे. नाटकात तेच होतं," श्रावणी मॅडम म्हणाल्या. "खलाशांना वाटतं हातमोजे शुभ आहेत. वारा चांगला, जहाज झकास चाललंय, नवा कप्तान खूश. पण आता बघा, ते सापडतात कुठे? सुकाणूवर, शिडाखाली, अगदी आचाऱ्याच्या पिठातसुद्धा. आणि सापडत नाहीत कुठे?"



"कप्तानाच्या खोलीत," अकबरी म्हणाली.

"बरोबर. मेलेला सगळ्यांकडे जातो आणि एकाकडेच जात नाही. सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी सगळं जहाज त्या एकाकडे वळून बघतं."

अकबरी घरी चालत आली ती मनात शेड मोजत. कोपऱ्यात नमुन्याचा एक माग होता. शेठला नव्या चादरीचं डिझाइन दाखवायचं असलं की इसूफ स्वतः तो चालवायचा. दुसऱ्या कुणाला तिथे उभं राहू द्यायचा नाही, शेठच्या नजरेत भरायची ती जागा होती.

सोमवारपासून अकबरीची मेहनत दुप्पट झाली. आणखी लवकर पोहोचायची. शेडमधला एकूण एक पट्टा तिने बांधून काढला. जो चांगला होता तोही सोडून बांधला. बोटांची सालं निघाली. फक्त कोपऱ्यातला माग तिने सोडला. तिथे इसूफच्या हातची गाठ होती आणि ती दिवसागणिक ढिली होत चालली होती. अकबरी रोज तिथे थांबायची, गाठ बघायची आणि पुढे जायची. काय होऊ शकतं हे तिला नीट ठाऊक होतं. ठाऊक असूनच पुढे जायची.

एका दुपारी शेठने नमुना मागवला. इसूफ मागावर उभा राहिला. फार वेळ लागला नाही. धोटा उडाला, इसूफच्या कानाला घासून मागच्या भिंतीवर आदळला. सिमेंटचा टवका पडला. इसूफ मटकन खाली बसला. कानावरून रक्ताची धार लागली.

सिद्धू धावत आला. आधी इसूफकडे, मग पट्ट्याकडे बघितलं. मग शेजारच्या मागाकडे गेला, त्याच्या पलीकडच्या, त्याच्याही पलीकडच्या.

"समद्या मागाला हमजाभाईची गाठ हाय," तो सावकाश म्हणाला. "ह्योच एक सोडलाय."

विणकर जमले. जो तो मागे वळून आपला पट्टा बघून आला. मग सगळे इसूफकडे बघायला लागले. इसूफला ते बघणं सोसेना. भिंतीला पाठ लावून तो छताकडे बघत ओरडला, "हमजाभाई, मेराच क्यों छोड्या? मैं मर जाता ना!" मग काहीतरी पुटपुटला. बाकीचे माग खडखडत होते, कुणाला ऐकू आलं नाही.

अकबरी कांडीवरून उठली. भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच पाडला. शेड गप्प झालं. एवढं गप्प की रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू आला.

"काय म्हणालास?" तिने विचारलं. "मोठ्याने म्हण. शेवटच्या मागापर्यंत जाऊ दे."

"भाभी..."

"मला नाही. यांना सांग."

इसूफ सिद्धूकडे बघायला धजेना. जमिनीकडे बघून म्हणाला, "ती गाठ माझी होती. मी बांधली होती. पट्टा मीच जाळला."

 सिद्धूने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. हात खांद्याच्या वर जात नव्हता. "मारलं असतं तुला," तो म्हणाला, "पन तू ह्यो हातच ठेवला न्हाईस." आणि डाव्या हाताने त्याने इसूफच्या थोबाडीत दिली.

शेठ आवाज ऐकून आले. सगळं ऐकून घेतलं. रुमालाने चष्मा पुसला. "जुनी गोष्ट आहे. माणूसही राहिला नाही. आता उगाच कशाला? चला, माग चालू करा, ऑर्डर अडकलीय." इसूफचं जॉबरपण त्यांनी काढलं नाही. दुसरा जॉबर लगेच कुठून आणायचा, म्हणाले.

अकबरीने स्विच वर केला. शेड पुन्हा खडखडायला लागलं.

संध्याकाळी इसूफ कांडीपाशी आला. कानाला पट्टी होती.

"भाभी, माफ करा."

"माफी मागायची तो कबरस्तानात आहे."

"तो... परत येईल का?"

अकबरीने भरलेली कांडी टोपलीत टाकली, नवी चढवली. "तुझ्या मागावर आला तर कळेलच तुला."

गाठी कुणी बांधल्या हे तिने सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. इसूफ आता सगळ्यांच्या आधी यायला लागला. प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघायचा, दुपारी पुन्हा, जाताना पुन्हा. त्याला नीट झोप लागत नाही, असं बाया सांगायच्या. जन्मात पहिल्यांदा तो पगाराएवढं काम करत होता. अकबरी आपल्या जागेवरून ते बघायची. तिला त्याची कणव आली नाही. येईल म्हणून तिने वाटही बघितली नाही.

श्रावणी मॅडमनी शेवटच्या तासाला विचारलं, "सूड घेणाऱ्याला शेवटी काय मिळतं?" बँकेतला माणूस म्हणाला, "पश्चात्ताप." कुणी म्हणालं, शांती. मॅडमनी अकबरीकडे बघितलं.

"शेडमधल्या माणसांना कळलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "शेडबाहेर अजून कुणाला माहीत नाही."

मॅडमना ते उत्तर समजलं नाही.

त्याच आठवड्यात ती प्रभुलिंगकडे गेली. तो दगडावर अक्षरं कोरायचा, देवळाच्या पायरीचीही आणि कबरीचीही. तिने एक जाड शहाबादी फरशी निवडली. बोटाच्या पेराने वाजवून बघितली, चीर नव्हती.

"वर नाव, खाली तारीख," प्रभुलिंग म्हणाला. "एवढंच असतंय, भाभी."

"नावाच्या पुढे जॉबर घाल. आणि खाली लिही: धोटा उडाला ती गाठ याची नव्हती."

प्रभुलिंगने पेन्सिल कानावरून काढली आणि हातातच धरली. "मग वाचनारा इचारनार की, कुनाची होती?"

"म्हणून त्याच्या खाली अजून एक ओळ. इसूफची होती."

"जित्या मानसाचं नाव कबरीवर? तुमची जमात काय म्हनंल?"

"जमातीनं हमजाला खांदा दिला तेव्हा त्याच्या बाजूने कुणी काही म्हणालं नव्हतं. शब-ए-बारातीला इसूफ बापाच्या कबरीवर येतो. वाट हमजावरूनच जाते. वाचेल दरसाल."

"भाभी, आसं कुटं आस्तंय काय?"

"इंग्रजांच्या नाटकात मेलेला स्वतः येऊन सांगतो. आपल्याकडचा येत नाही, प्रभुलिंग. आणि मी किती दिवस पहाटे उठू?"

त्याने पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजली. "अक्षराला पैसे पडत्यात," शेवटी म्हणाला. "ती शेवटची ओळ गाळली तर लई वाचतील तुमचे."

"गाळू नकोस. आणि खोल कोर. उथळ मला चालणार नाही."

ती दगडाशेजारी बसून राहिली, प्रत्येक अक्षरात बोट घालून बघत. एका ठिकाणी तिने प्रभुलिंगला छिन्नी पुन्हा चालवायला लावली. हमजाचं नाव नि पहिली ओळ तिच्या त्या महिन्याच्या पगारात बसली. इसूफच्या ओळीला, वर्षभर कांड्या भरून दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी तिने बाजूला टाकलेलं होतं ते सगळं गेलं.